आपल्या गावचे आभाळ

दिवाळीला चार-आठ दिवस उरले की आमच्या आळीत मुलांची धांदल उडते. कुणी माती चाळत असतो, कुणी दगड गोळा करून आणतो, कुणी आजीच्या डब्यातली मूठभर मोहरी लांबवतो. दगड रचून त्यांवर ओले पोते पसरायचे, पोत्यावर चिखल लिंपायचा, चिखलात मोहरी किंवा अहळीव पेरायचे. चार दिवसांत किल्ल्यावर कोवळे हिरवे रान माजते. शिवाजीमहाराज वरच्या सिंहासनावर बसतात आणि पायथ्याशी गाव वसते. या गावाकडे मी दर वर्षी मुद्दाम वाकून पाहतो. तेथे आमच्या आळीचा हापसा असतो, कोपऱ्यावरचे मारुतीचे देऊळ असते, आणि एका वर्षी तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे दुकानही होते. मुलाला कुणी सांगितलेले नसते. गाव करायचे म्हटले की त्याच्या हातून आपलेच गाव होते.

आता गंमत पाहा. याच मुलाच्या हाती कागद आणि रंगांची पेटी द्या आणि म्हणा, ‘बाळ, एक चित्र काढ पाहू.’ तो काय काढील ते मी न पाहता सांगतो. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरांतून निघून पुढे रुंद होत आलेली नदी, काठी एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाची दोन झाडे, आणि आभाळात मराठी चाराच्या आकड्यासारखे पाच-सहा पक्षी. पंढरपूरकडच्या सपाट मुलखातला मुलगा हेच काढतो आणि मुंबईच्या चाळीतलाही हेच काढतो. त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर नसेना का, नारळाचे झाड त्याने देवळातल्या नारळापलीकडे पाहिलेले नसेना का! चिखलात हात घालताना जे गाव त्याला ठाऊक होते, ते कागद समोर येताच कुठे गेले?

आमच्या वेळी शाळेत अशा चित्राला ‘देखावा’ म्हणत. शब्द मोठा मासलेवाईक आहे. पाहण्याजोगे दृश्य म्हणजे देखावा, आणि नसलेले असल्यासारखे दाखवणे म्हणजेही देखावाच. निसर्गचित्र या कलाप्रकाराची सारी अडचण आणि सारी थोरवी या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे, असे मला वाटत आले आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी घरातल्याच एका चित्राची हकीकत सांगतो. मोठ्या चित्रांकडे मग वळू.

माझे आजोळ कोयनेच्या खोऱ्यात, जावळी तालुक्यात होते. ‘होते’ असे म्हणण्याचे कारण पुढे येईलच. माझा मामा चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेला, पुढे ड्रॉइंगमास्तर झालेला. एका मे महिन्याच्या सुटीत त्याने गावच्या नदीघाटाचे जलरंगात चित्र काढले. पलीकडच्या काठावर स्टूल मांडून तो तीन दिवस बसत होता. चित्र झाले, काच लावून भिंतीवर चढले, आणि सारा गाव पाहून गेला. आजी सर्वांच्या मागून आली. पदराने डोळे पुसून तिने बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, ‘समदं हाय रं, पर म्हसरं कुटं गेली? आन् ही नारळाची झाडं कुनी लावली?’

घाटाच्या उजव्या अंगाला डोहात दुपारभर म्हशी बसलेल्या असत. त्यांच्यामुळे पाणी गढूळ होई, काठावर शेणामुताचा रेंदा होई, त्यावरून बायका रोज भांडत. मामाने म्हशी काढून टाकल्या होत्या, पाणी निळे केले होते, आणि मोकळ्या पडलेल्या जागेत, कोयनेच्या काठी, दोन माड उभे केले होते. तो जरा हिरमुसून म्हणाला, ‘आये, चित्रात म्हशी बऱ्या दिसत नाहीत.’ आजी काही बोलली नाही. चुलीकडे गेली.

हा संवाद मी कित्येक वर्षे मनात घोळवत आलो आहे. कोण बरोबर होते? मामाला शाळेने शिकवले होते की चित्र म्हणजे सुंदर वस्तूंची सुंदर मांडणी. आजीला कुणी काहीच शिकवले नव्हते. तिला चित्रात आपले गाव हवे होते. कुणी म्हणेल, आजीला फोटो हवा होता, कला नव्हे. मलाही पुष्कळ दिवस असेच वाटे. जॉन कॉन्स्टेबलची चित्रे नीट समजून घेतल्यावर हे मत बदलले.

कॉन्स्टेबल १७७६ साली इंग्लंडातील सफक परगण्यात, ईस्ट बर्गहोल्ट या खेड्यात जन्मला. स्टूर नावाची लहानशी नदी गावाजवळून वाहते. तिच्या काठी फ्लॅटफर्ड येथे त्याच्या वडिलांची पाणचक्की होती. वडिलांची पवनचक्कीही होती, आणि तरुणपणी काही काळ तो या व्यवसायात राबला. पवनचक्कीवर काम करणाऱ्याला आभाळाकडे डोळा ठेवावाच लागतो. वारा कुठून येतो, ढग कोणत्या जातीचा आहे, यावर त्याची भाकरी असते. पुढे चित्रकार होऊन लंडनला राहिल्यावर, १८२१ आणि १८२२ या वर्षांत, त्याने हॅम्पस्टेडच्या टेकाडावरून नुसत्या ढगांची कितीतरी अभ्यासचित्रे काढली, आणि त्यांतील पुष्कळांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. आपल्याकडचा शेतकरी मृगाच्या तोंडाशी आभाळ पाहतो, ते पाहणे आणि सहलीला गेलेला माणूस आभाळ पाहतो ते पाहणे, यांत जो फरक आहे तो येथे आहे. कॉन्स्टेबलचे आभाळ शोभेचे नाही. त्यातून पाऊस पडू शकतो.

त्याचे ‘द हे वेन’, म्हणजे ‘गवताची गाडी’, हे चित्र १८२१ सालचे. सुमारे सव्वाचार फूट उंच आणि सहा फूट रुंद असे हे तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वर्ण्यविषय म्हणावा तर काहीच नाही. डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचे घर, मध्ये उथळ पाणी, पाण्यात एक रिकामी गाडी, तिला जुंपलेले घोडे, काठावर एक कुत्रा, घराजवळ पाण्याशी वाकलेली एक बाई. उजवीकडे दूरवर पसरलेले गवताचे रान. गाडी पाण्यात का, याचे एक स्पष्टीकरण असे देतात की उन्हाळ्यात लाकडी चाके सुकून लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाके भिजवायची. हे आपल्याकडच्या गाडीवानाला समजावून सांगावे लागत नाही. लंडनच्या प्रदर्शनातल्या रसिकाला मात्र त्या काळी असली गाडी म्हणजे भव्यतेचा अभाव वाटला असेल. तेव्हाच्या अभिरुचीला इटलीतले भग्न अवशेष आणि पुराणातल्या देवता लागत. चित्र त्या प्रदर्शनात विकले गेले नाही. कॉन्स्टेबल तर आयुष्यात इंग्लंडबाहेर गेलाच नाही. त्याने एका मित्राला पत्रातून कळवले होते की आपल्याला चित्रकार केले ते स्टूरच्या काठच्या दृश्यांनी. आणि आपल्या आवडीच्या गोष्टींत त्याने कुजलेल्या फळ्या आणि शेवाळलेले खांबही घातले होते.

कुजलेल्या फळ्या! हे वाचले आणि मला आजीच्या म्हशी आठवल्या. मामाने जे काढून टाकले, ते कॉन्स्टेबलने मुद्दाम ठेवले. आणि हे फोटोसारखे अचूक करण्यासाठी नव्हे. हे भव्य चित्र त्याने नदीकाठी रंगवलेले नाही. लंडनच्या चित्रशाळेत, जुनी टिपणे आणि स्वतःची आठवण समोर ठेवून, आधी त्याच आकाराचे एक कच्चे तैलचित्र करून मग रंगवले आहे. म्हणजे त्याच्या फळ्या निवडलेल्या आहेत. निवड मामानेही केली होती. पण मामाने निवड केली ती इतरांच्या चित्रांकडे पाहून, आणि कॉन्स्टेबलने केली ती स्टूरच्या काठी घालवलेल्या बालपणाला विचारून. आजीला फोटो नको होता. चुकीच्या माणसाला विचारून केलेली निवड तिच्या ध्यानात आली होती.

याचे प्रत्यंतर पुढे १८२४ साली आले. पॅरिसच्या एका चित्रविक्रेत्याने हे चित्र विकत घेतले, तेथील मोठ्या प्रदर्शनात ते लागले, आणि फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याच्याकडून त्याला सुवर्णपदक मिळाले. तरुण फ्रेंच चित्रकार त्यापुढे थबकले. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. स्टूरच्या काठी ना त्यांचे आजोळ, ना त्यांची शेते. ज्या गावाचे नाव त्यांना उच्चारताही आले नसते, त्या गावच्या पाण्याचा गारवा त्यांच्या पायांना लागला. गावच्या माणसाला गाव आठवून देणे हे काम कोणतेही चित्र करील, पोस्टाचे कार्डही करील. परक्याला ते गाव हरवल्याची हुरहूर लावणे, हे मात्र कलेचे काम.

पण येथे थांबून एक आक्षेप ऐकला पाहिजे, कारण तो खरा आहे. इंग्रज समीक्षक जॉन बॅरल याने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात विचारले, की या रम्य रानात राबणारी माणसे एवढी लहान का? ‘गवताच्या गाडी’त प्रत्यक्ष गवत कापणारे मजूर आहेत, पण ते पार उजवीकडे, दूर, पांढऱ्या ठिपक्यांएवढे. त्याच ईस्ट अँग्लियाच्या मुलखात १८१६ साली आणि पुन्हा १८२२ साली उपाशी शेतमजुरांनी दंगली केल्या होत्या, मळणीची यंत्रे फोडली होती. चित्रात याची चाहूल नाही. सारे कसे सुखाने चालले आहे.

आक्षेप मान्य करूनही मी चित्राला खोटे म्हणणार नाही. चित्र कोठून पाहिले आहे ते पाहा: कॉन्स्टेबलच्या वडिलांच्या गिरणीच्या आवारातून. गिरणीवाल्याच्या मुलाला गाडी जवळची, घोडे जवळचे, शेजाऱ्याचे घर जवळचे, मजूर दूरचे. जागेशी माणसाचे नाते म्हणजे नुसता जिव्हाळा नव्हे. नात्यात प्रत्येकाची जागाही ठरलेली असते. कुणी माजघरात, कुणी ओटीवर, कुणी अंगणाबाहेर. म्हणून निसर्गचित्रापुढे उभे राहिल्यावर मी एकच प्रश्न विचारायला शिकलो आहे, आणि वाचकांनीही तो विचारून पाहावा: चित्रकाराने आपले स्टूल कुठे मांडले आहे? मामाचे स्टूल पलीकडच्या काठावर होते. स्वतःच्या गावाकडे तो साहेबासारखा नदीपलीकडून पाहत होता.

आपल्याकडे हे स्टूल घाटाच्या अलीकडे, अगदी पायरीवर आणून ठेवणारा चित्रकार म्हणून मला कोल्हापूरचे आबालाल रहिमान दिसतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले, १८८८ साली सुवर्णपदक मिळवले. त्या काळी एवढ्या भांडवलावर मुंबईत व्यक्तिचित्रांचा चांगला धंदा चालला असता. ते कोल्हापूरला परतले ते कायमचे. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पण वृत्ती फकिराची, त्यामुळे हाती फारसे राहिले नाही. कोटितीर्थाच्या परिसरात राहून त्यांनी तेच तळे, तीच झाडे, पंचगंगेचा तोच काठ निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात रंगवला. १९३१ साली ते वारले. आपल्या अभ्यासकांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या मोने आदी चित्रकारांशी केली आहे, आणि रंगांचे लहान लहान ठिपके ठेवून उजेड पकडण्याची त्यांची रीत पाहता ती सुचते हे खरे. परंतु या तुलनेत एक गोष्ट निसटते. फ्रेंच चित्रकार रेल्वेत बसून पॅरिसबाहेर उजेड शोधायला जात. आबालालांना उजेड शोधायला जावे लागले नाही. तो रोज त्यांच्या दारात येत होता. कोटितीर्थाचे पाणी त्यांनी पाहिले ते शेजारी शेजाऱ्याला पाहतो तसे: आज हा जरा उदास दिसतो, आज खुशीत आहे, असे.

शाहू महाराज १९२२ साली गेले, तेव्हा दुःखाने आबालालांनी आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. आख्यायिकेचा पुरावा मागू नये. ती का टिकली एवढे पाहावे. लोकांना असे वाटत आले आहे की ज्या पाण्यावरून ही चित्रे आली त्या पाण्याला ती परत करण्याचा हक्क या माणसाला होता. चित्रकाराच्या गावाशी असलेल्या नात्याला गावाने दिलेली ही पोच आहे.

याहूनही पुढची एक पायरी आहे, आणि ती ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांतल्या भिंतींवर सापडते. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी काढलेली ती चित्रे आता शहरांतील घराघरांत पोचली आहेत. जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या काळात ही रेषा भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे एक चित्र आठवते. जाळे एवढे पसरलेले की सारी पाटीच त्याने व्यापलेली. आता शाळेत शिकवलेल्या डोळ्यांनी वारली चित्रात एक गोष्ट शोधून पाहा: क्षितिज. ते सहसा सापडत नाही. माणसे, बैल, भाताची खाचरे, झाडे, मुंग्या, सारे एकाच पाटीवर, कुणी कुणाच्या मागे नाही, कुणी दूर असल्यामुळे लहान नाही.

पुष्कळांना हे अडाणीपण वाटे. मला ते तर्काला धरून वाटते. क्षितिज केव्हा दिसते? एका जागी उभे राहून आपण जमिनीकडे ‘पाहू’ लागतो तेव्हा. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईला क्षितिज नसते. तिला पायांखालचे, हातांतले आणि शेजारणीच्या हातांतले दिसते. वारली चित्रात स्टूलच मांडलेले नाही. पाहणारा आत आहे. कॉन्स्टेबलचे मजूर ठिपक्यांएवढे झाले ते क्षितिजापायी. वारली भिंतीवर राबणारा आणि नाचणारा दोघेही सारख्याच उंचीचे. याचा अर्थ क्षितिज वाईट असा नव्हे. क्षितिज नसते तर कॉन्स्टेबलचे आभाळ कुठे राहिले असते? परंतु प्रत्येक रीत काही मिळवते आणि काही गमावते, हे ओळखून पाहिले म्हणजे चित्र पाहण्याला खोली येते.

आता आजोळच्या चित्राची राहिलेली हकीकत सांगतो. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत धरणामागे कोयनेचे पाणी चढत गेले. खोऱ्यातली गावे उठली. कुणाला कुठे, कुणाला कुठे जमीन मिळाली. आमचे आजोळ सोलापुराकडच्या उघड्या माळावर येऊन पडले. मामाचे चित्र गोधडीत गुंडाळून आजीने स्वतःच्या मांडीवर आणले. नव्या घरात ते भिंतीवर लागले, आणि मग मी एक नवल पाहिले. संध्याकाळी जुन्या गावच्या बायका येत, आजी चित्रापुढे उभी राही, आणि काचेवर बोट ठेवून सांगे, ‘हितं म्हसरं बसायची.’ माडांवर बोट ठेवून सांगे. काचेचा तेवढा भाग बोटांनी कायमचा धुरकट झाला होता.

मामाने ते पाहिले असावे. एके दिवाळीत तो म्हणाला, ‘आये, मी दुसरं काढतो, म्हशींसकट.’ कागद घेऊन बसला, आणि त्याला काही सुचेना. पायऱ्या किती होत्या? डोहाकडची वाट पिंपळाच्या अलीकडून की पलीकडून? तीन दिवस समोर बसून ज्याने घाट रंगवला होता, त्याला घाट आठवेना. कारण त्याने तो पाहिलाच नव्हता. त्याने चित्र पाहिले होते. मग आजी शेजारी बसली आणि सांगू लागली. ‘तितं नव्हं, हिकडं. ही आपली तांबडी. हिला शिंग एकच काढ.’ मामा पेन्सिलीने काढत गेला. त्या रात्री आमच्या घरात फराळाचे ताट तसेच राहिले.

ते पेन्सिलचित्र मी नुकतेच पुन्हा पाहिले. यथादर्शनाचा पत्ता नाही. म्हशी देवळाएवढ्या, घाट वरून पाहिल्यासारखा, पिंपळ आडवा. क्षितिज नाही. परीक्षेला ठेवले असते तर मामाच नापास झाला असता. मी समीक्षक म्हणून त्याला महान चित्र म्हणणार नाही. परक्याला त्यातून पाण्याचा गारवा लागेल असे मला वाटत नाही. तेवढ्यासाठी कॉन्स्टेबलचा किंवा आबालालांचा हात लागतो, आणि तो सगळ्यांना मिळत नाही. पण ज्या मातीतून महान चित्रे उगवतात ती माती या कागदावर आहे आणि काच लावलेल्या निळ्या घाटात ती नाही, एवढे मी ठामपणे म्हणेन. पाणी चढण्याच्या आधी कुणी तरी मामाला नुसते विचारायला हवे होते, की बाबा, तुझ्या घाटावर काय काय आहे?

म्हणून वाचकांजवळ एक मागणे आहे. या दिवाळीत घरातले मूल चित्र काढून दाखवायला आले, त्यात दोन डोंगर आणि मधला सूर्य असला, तर ‘छान’ म्हणून कागद बाजूला ठेवू नका. त्याला किल्ल्यापाशी न्या. पायथ्याच्या गावातला हापसा दाखवा आणि विचारा, हा तुझ्या चित्रात का नाही? मूल गोंधळेल, कदाचित रागावेल. दुसऱ्या दिवशी कागदावर हापसा येईल, वाकडा येईल, पण त्याचा असेल. मोहरीचे रान पंधरा दिवसांत पिवळे पडते आणि किल्ला मोडावा लागतो. तोवर त्याने तो पाहून घेतलेला असावा.